काळकुसळीच्या तीन लोंब्या

१

"सर, कपाटातलं भात चोरीला गेलंय," असं मनाली राऊळ फोनवर म्हणाली तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी डबा गेला. आमच्या विद्यापीठात डबे जातात. छत्र्या जातात, प्रोजेक्टरच्या वायरी जातात, एकदा तर कुलसचिवांच्या दारावरची पाटी गेली होती. सुरक्षा अधिकारी म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात. मी बाबासो चौगुले, मूळचा कागलकडचा, बिऱ्हाड कोपरखैरण्याला. उभी हयात पोलीस खात्यात काढली, निवृत्तीनंतर शांतता मिळेल म्हणून इथं आलो आणि नशिबी डबे आले.

पण हा डबा नव्हता.

वनस्पतीशास्त्राचा संग्रह बेलापूरच्या टेकडीखालच्या जुन्या इमारतीत आहे. पोरं त्याला वाळवणघर म्हणतात. लोखंडी कपाटांच्या रांगा, डांबरगोळ्यांचा वास आणि प्रत्येक कपाटात जाड कागदांवर चिकटवलेली, शिवलेली वाळकी झाडं. ही इमारत आता व्यवस्थापनाच्या नव्या कोर्सला दिली होती. सोमवारी सगळा संग्रह ट्रकमध्ये भरून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जाणार होता. मनाली ही त्याची शेवटची राखणदार. बांधाबांध करताना एकेक कागद तपासत होती आणि धान्याच्या कपाटात तिला एक कागद रिकामा सापडला.

"कागद आहे, चिठ्ठी आहे, झाड नाही," मी पोहोचताच ती म्हणाली. "इतका जुना नमुना, सर. जगात दुसरा नाही. तिकडच्या लोकांनी पहिल्यांदा तोच मागितलाय."

हा संग्रह उभा केला दिनानाथ केळुसकर सरांनी. मी आलो तेव्हा ते भिंतीवरच्या फोटोत होते. खाडीकाठच्या गावांची जमीन नव्या शहरासाठी जाणार हे कळलं, तसा हा माणूस पिशवी घेऊन बांधाबांधानं हिंडला. शहर येण्याआधी इथं जे जे उगवत होतं ते त्यानं वर्तमानपत्रात दाबून वाळवलं. नेरूळच्या सारसोळ्यात गोटीराम पाटील नावाच्या शेतकऱ्याकडं एक भात होतं. खाऱ्या पाण्यात तगणारं, काळ्या कुसळांचं. लोक त्याला काळकुसळ म्हणत. सरांनी त्याच्या तीन लोंब्या घेतल्या. पुढं जमीन गेली, भात गेलं, ते परत कुठंच पेरलं गेलं नाही. शेत गेलेल्या गोटीरामला सरांनी संग्रहात राखणदार म्हणून लावून घेतलं. बिचारा निवृत्त होईपर्यंत आपल्याच भाताच्या कपाटासमोर बसून होता. त्यालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

हे ऐकताना मला आमच्या घरातली चुलीजवळची कणगी आठवली. मी कामाला लागलो.

"दाखव कागद."

तिनं तो दोन्ही हातांवर अलगद आणला, तान्हं मूल आणावं तसा. "जाड काडी नुसत्या डिंकानं धरत नाही सर. म्हणून दोऱ्यानं शिवतात. गाठ कागदाच्या पाठीमागं मारायची आणि तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे खालच्या नमुन्यात दोरा अडकत नाही."

मी पुढं होऊन कागद उलटायला गेलो तर ती ओरडलीच. "उलटा नका करू! नमुन्याचा कागद कधीच पालथा घालायचा नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात आम्हांला. सुकलेलं झाड असतं, झडतं."

"आता कुठाय झाड झडायला?"

ती खजील झाली. आम्ही कागद पालथा घातला. पाठीवरची पट्टी ओली करून सोलून काढली होती. गाठ सोडवली होती. दोऱ्याची छोटीशी गुंडी करून ती फोल्डरच्या कोपऱ्यात ठेवली होती. कातर कुठंही लागलेली नव्हती.

घाई हा चोराचा पहिला गुण. या चोरानं मात्र बसून, धीरानं, एकेक गाठ सोडवली होती. असला चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

२

बांधाबांधीच्या त्या आठवड्यात कपाटं उघडी होती आणि बाहेरचे तिघेच आत येऊन गेले होते. संशोधन करणारा ऋषी, बिल्डर कुंदन मढवी आणि मालतीबाई परब. मालतीबाईंनी सबंध नोकरीभर या संग्रहातले नमुने शिवले होते. संग्रह जाणार म्हणून निरोप घ्यायला त्या आल्या होत्या.

ऋषी प्रयोगशाळेत वडापाव खात सापडला. मला बघताच त्यानं वडापाव ड्रॉवरमध्ये टाकला.

"काळकुसळ? सर, आईशपथ, मी नाही. मी मागितलं होतं, खरंय. मॅडम नाही म्हणाल्या, विषय संपला."

"कशाला मागितलं होतंस?"

"खारं पाणी सोसायची ताकद कुठून येते ते बघायला. मला डीएनए पाहिजे, बस."

"किती लागतं त्याला?"

"एक दाणा. अर्धा पण चालतो. चिमट्यानं उचलला असता तर मॅडमना वर्षभर कळलं नसतं." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, मी केलं नाही. पण अख्ख्या लोंब्या कोण नेईल? आणि दोरा सोडवत कोण बसेल? एवढा पेशन्स असता तर माझी पीएचडी झाली नसती का?"

पोरगं खरं बोलत होतं. एका दाण्याची गरज असलेला माणूस तीन लोंब्यांची जोखीम घेत नाही. तरी जाताना मी त्याचा ड्रॉवर उघडून पाहिला. आत वडापावच होता.

तिथून रिक्षानं नेरूळला मालतीबाईंकडं गेलो. एकट्या राहतात. नवरा लवकर गेला, मुलगी परदेशात. दार उघडलं तेव्हा अंगावर काठापदराची साडी, केसात शेवंती आणि हाताला ओल्या खोबऱ्याचा वास.

"या चौगुलेसाहेब. चहा टाकते, पण जरा घाईत आहे हं. पौर्णिमा आज. एके ठिकाणी जायचंय."

"चहा राहू दे. एक वाईट बातमी आहे. काळकुसळीच्या भाताचा नमुना चोरीला गेला."

त्यांनी पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "कागदाला काही झालं नाही ना?"

"कागद बरा आहे."

"मग बरं." मग त्या खिडकीकडं बघत बोलू लागल्या. "मी लागले तेव्हा अगदी पोर होते. शिवण येते म्हणून सरांनी घेतलं. गोटीभाऊ नमुना आणून ठेवायचे, मी शिवायची. काळकुसळ माझ्याच हातचं आहे. ते शिवताना गोटीभाऊ समोर उभे राहिले होते, डोळ्यांत पाणी. म्हणाले, मालती, ढिला नको मारू टाका, पळून जाईल." त्या हसल्या. "सोमवारी सगळं जाणार. मग या मुलखातली माणसं तिकडं जाऊन बघणार तरी कधी?"

"कुणावर संशय?"

"असलं भात कुणी पैशासाठी नेत नाही साहेब." एवढं बोलून त्यांनी ओट्यावरचा स्टीलचा डबा पिशवीत घातला, म्हणजे मी निघावं.

मी निघालो. जिन्यात काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना. वय झालं की संशयसुद्धा चष्मा शोधतो.

३

कुंदन मढवीचं ऑफिस बेलापूरलाच, काचेच्या इमारतीत. गळ्यात साखळी, कपाळाला गंध, टेबलावर गणपती आणि त्याच्या बाजूला टॉवरचं मॉडेल. त्याच्या बापाचं आणि गोटीरामचं शेत एकाच बांधाला होतं. त्यानं विद्यापीठाला पत्र दिलं होतं की काळकुसळीचा कागद मला द्या, नव्या टॉवरच्या लॉबीत लावतो.

"बसा साहेब. काय घेनार, थंडा? मनालीमॅडमचा फोन आलता मला. टेन्शन नाय. मी नाय घेतला."

"तुम्हांला तर हवा होता."

"हवा होता म्हंजे? आजपन हवाय. पन साहेब, डोकं चालवा. मला काय पायजे? तो कागद. त्याच्यावर गाव लिवलंय, शेत लिवलंय, गोटीरामकाकाचं नाव लिवलंय. फ्रेम करून लावला तर फ्लॅट घेनाऱ्याला कळेल, या जागेवर कोन होतं. आता नुसत्या काड्या नेऊन मी काय करू? मी नेला असता ना, तर कागदासकट नेला असता."

हेही खरं होतं. मी उठणार तेवढ्यात तो म्हणाला, "पन एक गंमत सांगू? सकाळी मी आईला सोडायला गावात गेलतो. आज नवान्न पौर्निमा. पुतळामावशीच्या दाराला नवं बांधलंय."

पुतळाबाई म्हणजे गोटीरामची बायको. ऐंशीच्या घरातली, नातवाकडं सारसोळ्यातच राहते.

"त्यात गंमत काय? पौर्णिमेला सगळेच बांधतात."

"सगळे बांधतात, ती नाय बांधत. लोक मार्केटातनं आनतात, पनवेलच्या बाजूच्या शेतातल्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू, सगळं एकत्र बांधून रेडिमेड. मावशी त्याला हात लावत नाय. बोलते, दुसऱ्याच्या शेतातला ता माझा नवा कसा? जमीन गेल्यापासून तिचं दार तसंच असतं. आन आज बघतो तर हे असं लटकतंय, लोंब्यांसकट. मी विचारलं, मावशी, शेती कुठं घेतलीस? नुसती हसली."

मला हायसं वाटलं. चोरी सापडली, माल जागेवर, म्हातारीच्या दारात. संध्याकाळी जाऊन गोडीगुलाबीनं आणू, असा मी हिशेब केला. तेवढ्यात मोबाईल वाजला. मनाली होती.

"सर, कागदावर सावली आहे."

"कसली सावली?"

"लोंब्यांची. त्या होत्या तिथं कागद काळा पडलाय. नमुना पाऱ्याच्या विषात बुडवलेला असला की वर्षानुवर्षं खालचा कागद असा काळवंडतो. आत्तापर्यंत लोंब्यांखाली झाकलेलं होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. मघाशी मलाही तो जुनेपणाचा डाग वाटला."

"जुने नमुने तुम्ही विषात बुडवताच ना?"

"बुडवायचे. पण बुडवलेल्या प्रत्येक कागदावर लाल शिक्का असतो. धान्याच्या कपाटात एकावरही नाही. केळुसकर सरांचा दंडकच होता, अन्नाला विष लावायचं नाही. म्हणून त्या कपाटातल्या नाचणीचं, वरीचं किड्यांनी पीठ केलंय. मी आत्ता काळकुसळीचा जुना फोटो मोठा करून बघितला. एकाही दाण्याला भोक नाही." तिला धाप लागली होती. "कुणीतरी शिक्का न मारता ते बुडवलं होतं. ज्यानं नेलंय त्याला वाटत असणार, शिक्का नाही म्हणजे निर्धोक आहे. सर, ते कुणाच्या तोंडात गेलं तर?"

"गेलं तर?"

"म्हातारं माणूस असेल तर थोडंसुद्धा पुरेल."

मी फोन कानाला तसाच धरून कुंदनकडं वळलो. "नवं बांधलं, की त्या भाताचं पुढं काय करता तुम्ही?"

"काय म्हंजे? चार दाने सोलून खिरीत टाकायचे. नव्याची खीर. दुपारी नैवेद्य दाखवला की घरात सगळ्यांनी खायची."

भिंतीवरच्या घड्याळात दुपार कधीच होऊन गेली होती.

४

कुंदननं गाडी काढली. मनालीला थेट सारसोळ्याला यायला सांगितलं. पुतळाबाईचा फोन नातसुनेकडं, ती ऑफिसात. मालतीबाईंचा फोन वाजत राहिला. त्या उचलेनात.

"मालतीबाईंना का लावताय?" कुंदननं विचारलं.

"कारण त्यांनी नेलंय."

"त्या? त्या चोर? साहेब, कायतरीच!"

पामबीच रोडला लागेपर्यंत मी त्याला सांगत होतो आणि स्वतःलाही. ऋषीला एक दाणा पुरला असता. कुंदनला कागद हवा होता. संग्रहात शिकलेला कुणीही माणूस कागद पालथा घालत नाही, त्याच्या हाताला ती सवयच नसते. आणि बाहेरच्याला गाठ मागं असते हेच माहीत नसतं, तो पुढून कातर लावतो. कागद बिनधास्त पालथा घालणारं त्या इमारतीत एकच माणूस, जे टाका घालतं आणि मागं गाठ मारतं. शिवाय आपल्या हातच्या टाक्याला कातर लावणं जिवावर येतं. माझी आई उसवायची ती दातानं गाठ सोडवून, ब्लेडनं कधी नाही.

"एवढ्यावरनं?"

"अजून एक. मी त्यांना एवढंच म्हणालो, की नमुना चोरीला गेला. नमुना म्हणजे कागदासकट. कुणीही धरलं असतं की सगळंच गेलं. त्यांनी काय विचारावं? कागदाला काही झालं नाही ना." जिन्यात खटकलं ते हे होतं. एवढा वेळ लागला ओळखायला, म्हणून मी स्वतःला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही.

पुढं ट्रॅफिक तुंबलं होतं. कुंदन हॉर्नवर हात ठेवून बसला. म्हणाला, "लहानपनी मावशीनं मला भरवलंय साहेब. आमचा बाप सालभर जमिनीच्या ऑफिसात चकरा मारायचा, तवा तिच्याच घरी जेवायचो." त्याच्या गळ्यातली साखळी, काचेचं ऑफिस, सगळं त्या क्षणी बाजूला पडलं होतं. मला तो आवडला.

सारसोळ्याच्या गल्लीत गाडी शिरेना. आम्ही उतरून चालू लागलो तर समोरून मालतीबाई येताना दिसल्या. हातात केळीचं पान, पानावर खीर, चेहरा घामानं डबडबलेला.

"मालतीबाई! पुतळाबाईंनी खाल्लं?"

"नाही हो, कसं खाणार?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. माझं तिथं असणं त्यांना नवलाचं वाटलंच नाही. "नवं पहिलं गाईला द्यायचं, मग घरात. पुतळाबाई हटून बसल्यात, गाईनं खाल्ल्याशिवाय मी तोंड लावणार नाही. मी मघापासून हिंडतेय. देवळामागं एक असते म्हणाले, तीही आज नाही. या नव्या मुंबईत एक गाय मिळू नये हो?"

मी ते पान त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि गुंडाळून कुंदनच्या हातात दिलं. "हे कुठं टाकू नको. कुणाला देऊ नको."

"अहो, प्रसाद आहे तो!"

"मालतीबाई, त्या भातात विष आहे."

त्या एकदम वळल्या आणि काठापदराची साडी वर धरून आमच्याही पुढं धावत सुटल्या. "त्यांचा काय भरवसा नाही," एवढंच त्या म्हणत होत्या. "फार वाट बघितलीय त्यांनी. फार वाट बघितलीय."

५

दारावर नवं लटकत होतं. हिरव्या आंब्याची पानं, झेंडू आणि मधोमध दोन वाळक्या काळपट लोंब्या; तिसरीचे दाणे खिरीत गेले असणार. आत पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगानं चिपाड, कपाळ मोकळं, डोळे मात्र लखलखीत. समोर पातेलं, आणि मांडीवर खिरीनं भरलेली वाटी.

"गाय गावली का गो मालती?"

मालतीबाईंनी वाटीवर झडपच घातली. खीर लुगड्यावर सांडली.

"येडी जाली का काय!"

"खाल्लंत? सांगा, खाल्लंत का?"

"नाय अजून. वास घेत व्हतू." तिनं आम्हांला पाहिलं. "या कोन? कुंदन, तू पन?"

मी खाली बसलो. माझ्या नोकरीत मरणाच्या बातम्या खूप दिल्या, पण हे सांगणं त्याहून जड गेलं. "मावशी, मी विद्यापीठातनं आलोय. ह्या भाताला कीड लागू नये म्हणून विषात बुडवलंय. खाऊ नका."

तेवढ्यात मनाली पोहोचली. पातेलं भरलेलं बघून तिनं आधी श्वास सोडला, मग त्याच्यावर झाकण ठेवलं आणि लुगड्यावरची खीर ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

मालतीबाई ऐकेनात. "शक्य नाही मनाली. शिक्का नव्हता. सरांचा दंडक तुला माहीत नाही, मला माहितीय. डाग मी पाहिला, वाटलं जुन्या कागदाला पडतो. विष असतं तर मी यांच्या घरी आणलं असतं का ग? सोमवारी ते जाणार. यांना एकदा तरी त्याचं नवं करायचं होतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणायलाच हवं होतंस. म्हणून नाही विचारलं."

"मला कळतंय," मनाली हळूच म्हणाली. "पण बुडवलं कुणीतरी नक्की. मालतीबाई, तेव्हा बुडवायचं काम कोण करायचं?"

"मागच्या खोलीत. एकटे गोटीभाऊच..." मालतीबाई बोलता बोलता थांबल्या आणि खाली बसल्या.

मग पुतळाबाई बोलली, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बघत.

"मना बोल्लेला तो. जेवताना बोल्ला, पुतला, आपले भाताला आता किडा नाय, मुंगी नाय, कोन तोंड नाय लावनार. मी बंदोबस्त केलाय. सायबाला सांगू नको. मना वाटला, कुलूप लावला आसल." ती जरा थांबली. "शेत गेला तवा रडला नाय तो. पन तितं दुसरे भाताला किडा लागलेला बघला त्यानी, त त्याला झोप नाय येयाची. बोलायचा, आपला पन जाईल."

सरांचा दंडक मोडून, शिक्का न मारता, एका शेतकऱ्यानं आपलं शेवटचं भात विषात बुडवलं होतं. राखणीसाठी. गुन्हेगार सापडला होता आणि फोटोत हार घालून बसला होता. त्याच्यावर काय कलम लावायचं ते मला सुचेना.

पुतळाबाई अजून फोटोकडंच बघत होती. "मेल्या," ती म्हणाली, "किडामुंगीत मना पन धरलास."

कुंदन तोंड फिरवून बाहेर गेला. मालतीबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या. पुतळाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गो. तू आनलास. दुसरा कोन आनता?" मग मला म्हणाली, "डोले मिटले का शेत दिसता मना. लावनीचा गुढघाभर पानी पन लागता पायाना. निस्ती चव नाय आठवत. तेवढाच पायजे व्हता."

आमच्याकडची शेती भाऊ बघतो, वर्षातून एकदा तांदळाचं पोतं येतं आणि मी त्याचा भात कधी मन लावून खाल्ला नव्हता. मी विचारलं, "मनाली, पेरून उगवणार नाही का?"

"नाही सर. विषात बुडवलेलं नाही उगवत."

झालं. तीही आशा संपली. पातेलं, पान, वाटी, सगळं मनालीनं डब्यांत भरून झाकणं चिकटपट्टीनं बंद केली. राहिल्या दारावरच्या दोन लोंब्या. त्या काढायला कुणाचा हात पुढं होईना. बांधलेलं नवं त्याच दिवशी उतरवत नाहीत, वर्षभर दारातच राहू देतात, हे आता मलाही कळलं होतं.

"त्या राहू दे दोन," पुतळाबाई म्हणाली. "दारावरचा कोन खातो? नुसता बघीन."

मनालीनं माझ्याकडं पाहिलं. जगात दुसऱ्या नसलेल्या त्या दोन लोंब्या होत्या, सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं, आणि तरी ती मान हलवायच्या बेतात होती, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात दाराशी फडफड झाली. दोन चिमण्या येऊन नव्यावर लोंबकळल्या आणि लोंब्यांकडं माना वाकड्या करून बघू लागल्या.

"हाड! हाड!" पुतळाबाई ओरडली. मघापासून भिंतीला टेकलेली म्हातारी उठून दारापर्यंत गेली, आम्ही धरायच्या आत. चिमण्या उडाल्या. "कुंदन, उतरव रे ता. मना काय, मी आज नाय त उंद्या जानारच हाय. चिमनीला काय म्हाईत?"

कुंदननं नवं उतरवलं. तिनं स्वतः दोरा सोडवला, लोंब्या वेगळ्या केल्या, आणि मनालीनं पुढं केलेल्या कोऱ्या कागदावर ठेवल्या. झेंडू आणि आंब्याची पानं तेवढी परत दाराला बांधायला लावली. मग तिनं नळाखाली हात खसाखसा धुतले, मनाली सांगत होती तसे.

"न्या त्याला आता. लांब न्या, कुठं पन न्या," ती म्हणाली. "तितं लिवलाय ना, कोनाचा भात ता?"

"लिहिलंय आजी. सारसोळे, गोटीराम पाटील यांचं शेत."

"हां." पुतळाबाई खाली बसली. "शेत त्याचा. लावनी मी केली, कापनी मी केली. ह्या तीन लोंब्या पन मीच कापून दिल्या केलुसकर सायबाला, इल्यानी. तो त बांधावर उबा व्हता, रडका तोंड करून."

मनालीनं पर्समधून पेन काढलं. मूळ चिठ्ठीवर कधी काही लिहीत नाहीत, ती म्हणाली, पण नवी माहिती मिळाली तर शेजारी वेगळी चिठ्ठी डकवता येते, आणि ती कागदाबरोबर कायमची राहते. तिनं तिथंच जमिनीवर बसून छोट्या पट्टीवर तारीख घातली, गाव घातलं, आणि पुढं लिहिलं, कापणी करणाऱ्या शेतकरी.

"पूर्ण नाव सांगा आजी."

"पूर्न कशाला? शेतात सगली पुतला बोलून हाक मारायची," ती म्हणाली. "तेवढाच लिव."

मनालीनं तेवढंच लिहिलं.